रूबीचं पान

१२ ऑक्टोबर, रविवार

आज तुंगार्लीच्या बंगल्याच्या किल्ल्या मालकीण दीनाबाईंच्या भाच्याच्या हातात दिल्या. तिथला राखणदार म्हणून सतरा किल्ल्यांचा जुडगा अठ्ठावीस वर्षं कमरेला होता. घरी येताना दर थोड्या वेळानं हात तिकडे जात होता.

बाई आषाढात गेल्या. बंगला आता विकला. भाचा माणूस वाईट नाही. त्यानं विचारलं, "हनुमंतभाऊ, बाईंची आठवण म्हणून काही हवं का?" मी म्हटलं, रूबीला नेतो. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. रूबीचं काय करायचं हा प्रश्न त्यालाही होताच.

रूबी डॉबरमन जातीची आहे, पाच वर्षांची. अंग काळं कुळकुळीत, दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपका. बाई पारशी. त्या म्हणायच्या, ही चार डोळ्यांची आहे, आमच्यात अशा कुत्र्याला फार मान. जेवायला बसल्या की आधी तीन घास बाजूला काढायच्या, ते रूबीचे. मगच स्वतःच्या ताटाला हात लावायच्या. एकदा मी विचारलं, बाई, देवाच्याही आधी? तर म्हणाल्या, "देवाला भूक नाही लागत, हनुमंता. आपल्याला लागली तर आपण मागतो. हिला बोलता येतं काय?"

टेम्पोत रूबी माझ्या मांडीवर मान टाकून बसली. टाकव्यात घरी उतरलो तेव्हा बायको, शालू, दारातच उभी होती.

"हे घोडं कुणाचं?"

"आपलंच. बाईंची रूबी."

"आवं, टोपलंभर भाकरी पुरायची न्हाई हिला. आन् आपला नातू स्वराज येनार हाय ना हितं राह्याला? त्येच्या डोक्यापेक्षा हिचं तोंड मोठं."

अठ्ठावीस वर्षं मी ह्या घरात रविवारचा पाहुणा होतो. पहिल्याच दिवशी वाद नको.

ही डायरीही बाईंचीच. दरवर्षी त्यांना बँकेकडून यायची, त्या मला द्यायच्या. म्हणायच्या, तू दहावी शिकलास, लिहीत जा.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सोमाटण्याहून विक्की, कोमल आणि स्वराज आले. विक्की माझा मुलगा, तळेगावच्या कंपनीत आहे. कोमल सून. वडगावच्या दवाखान्यात तिला रक्त तपासायच्या लॅबमध्ये एक डिसेंबरपासून नोकरी लागली आहे, म्हणून तिघंही इथे राहायला यायचं ठरतंय. स्वराजला दिवसभर आम्ही सांभाळू. तो तीन वर्षांचा आहे.

संध्याकाळी फटाके सुरू झाले तशी रूबी पलंगाखाली शिरली आणि थरथरायला लागली. थोड्या वेळानं पाहतो तर स्वराजही पलंगाखाली. आपले दोन्ही हात त्यानं तिच्या कानांवर ठेवले होते आणि तिला सांगत होता, "संपलं, संपलं." रूबी निपचित पडली होती. मला आमचा लहानपणीचा काजळ्या आठवला. तो गावठी कुत्रा, पण त्याच्याही डोळ्यांवर असेच ठिपके होते.

कोमलनं पाहिलं आणि पोराला पायाला धरून ओढून बाहेर काढलं. मग लगेच त्याचे हात साबणानं धुतले.

२ नोव्हेंबर, रविवार

सोमाटण्याला गेलो होतो. कोमलनं मोबाईल पुढे केला. त्यात कुत्र्यांच्या जाती आणि लहान मुलांचं घर याविषयी बरंच लिहिलं होतं. एका ठिकाणी डॉबरमन घरातल्या माणसांना जीव लावतो म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या ठिकाणी, लहान मूल असेल तर नकोच.

"अण्णा, मला कुत्र्यांचा राग नाही. पण ती मोठी होऊन आलेली आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या शांत घरात वाढली. आपल्याकडे दिवसभर माणसं, आवाज, त्यात हा. ती काय करेल ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"मी तिला पिल्लू होती तेव्हापासून ओळखतो."

"तुम्ही तिला ओळखता. ती स्वराजला ओळखत नाही."

विक्की मध्ये पडला. "काय अण्णा, बाईंनी बंगला न्हाई दिला, कुत्रं दिलं. आन् तुमी येवढे खूश."

सगळे हसले, मीही हसलो. पण निघताना कोमलनं स्पष्ट सांगितलं. रूबी घरात असेल तर स्वराज टाकव्याला येणार नाही. ती त्याला पाळणाघरात ठेवेल.

एसटीत खिडकीशी बसून विचार करत आलो. विक्की लहान असताना मी बंगल्यावर होतो. त्याचं चालणं, बोलणं, पहिली शाळा सगळं शालूनं पाहिलं, मी रविवारी ऐकलं. हे पोर तरी डोळ्यांपुढे वाढावं अशी इच्छा आहे. आणि रूबीला मी पदरात घेतली आहे. दोन्ही सोडवत नाही.

५ नोव्हेंबर

कामशेतला जनावरांच्या डॉक्टरांकडे रूबीची लस होती. त्यांना विचारलंच, ही जात पोराबाळांच्या घरात चालते का? ते म्हणाले, चालते, हुशार जात आहे, माणसाळलेली असली की पोरांना सांभाळून घेते. मला फार बरं वाटलं. पुढेही ते बरंच बोलले. नवीन घर, वेळ द्या, बांधून घालू नका, खाण्याच्या वेळेचं काहीतरी. पण मागे एकजण म्हैस घेऊन खोळंबला होता आणि मला मुख्य ते कळलं होतं.

कोमलला फोन करून सांगितलं, डॉक्टर म्हणाले चालते. ती म्हणाली, बघू.

११ नोव्हेंबर

शेजारचा गोरख आला. त्याची कोंबड्यांची शेड आहे, राखणीला कुत्रं पाहिजे.

"हनमंता, मला दे ही. तुझ्या घरात हिचा काय उपेग? सोफ्यावर बसवतो का?"

"सोफा कुठंय माझ्याकडे."

"मंग तर तिचे लय हाल हायेत. माझ्याकडं शेड तरी हाय."

"दिवसभर बांधून घालशील."

"कुत्रं बांधत्यात न्हाई तर काय पूजत्यात?"

मी म्हटलं, आमच्याकडे पूजतात. चंपाषष्ठीला ये, बघ. तो हसत गेला. त्याच्याशी बोलता बोलताच मला मार्ग सुचला.

२१ नोव्हेंबर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

आज खंडोबाचे घट बसले. कुलदैवत आहे. ह्या सहा दिवसांत मन आपोआप शांत होतं. बंगल्यावर असताना सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, एक दिवसाची रजा मिळायची. या वर्षी सहाही दिवस घरी आहे.

आबांच्या, माझ्या वडिलांच्या, वेळची चंपाषष्ठी आठवते. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटायचं. आई चुलीत वांगी भाजायची, भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. मग तळी. ताम्हनात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून घरातल्या पुरुषांनी "येळकोट येळकोट" म्हणत ते तीनदा उचलायचं. आणि मग आमच्या घराची खास रीत. कुत्रं देवाचं, म्हणून त्याचाही उपास. सकाळपासून त्याला काही द्यायचं नाही, कपाळाला भंडारा लावून खांबाला बांधायचं. तळी झाली की घरातल्या सगळ्यांत लहान पोरानं त्याच्यापुढे नैवेद्याचं पान ठेवायचं, आणि तळीसारखंच ते पानही त्याच्यासमोर तीनदा उचलायचं. तिसऱ्यांदा खाली ठेवलं की कुत्र्यानं खायचं. सगळ्या आळीतली पोरं बघायला जमायची.

माझी धाकटी बहीण माधवी चार वर्षांची असताना काजळ्या तिला चावला तो ह्याच दिवशी. मी दहा वर्षांचा. तिच्या भुवईवर अजून खूण आहे. आबांनी त्याच संध्याकाळी काजळ्याला नेऊन एका धनगराला दिला. सगळे म्हणाले, जातच खराब निघाली. मीही तसंच समजत आलो. पुन्हा घरात कुत्रं आलं नाही, पान नुसतं खांबापाशी ठेवायचो.

आबा त्यानंतर दर चंपाषष्ठीला आपलं जेवण व्हायच्या आधी एक पान बांधून घेऊन गावावरच्या खिंडीकडे एकटेच जायचे. कुठं चाललात विचारलं तर म्हणायचे, म्हसोबाला. फार देवभोळे होते.

या वर्षी रीत पुन्हा होईल. स्वराज रूबीपुढे पान ठेवेल, रूबी शांतपणे खाईल, आणि कोमलच्या मनातली शंका देवासमोरच फिटेल. कोमलला म्हटलं, एवढा एक दिवस स्वराजला घेऊन ये. ती हो म्हणाली. तिचा हट्ट देवानंच सैल केला असं मला वाटतं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी. सकाळचे अकरा

अंघोळ, पूजा झाली. घरात भाजलेल्या वांग्यांचा वास भरला आहे. माधवी वडगावहून आली आहे. कोमल आणि स्वराज आले. विक्कीला पहिल्या पाळीतून सुटायला वेळ लागेल, तळी दुपारी दोनपर्यंत जाईल.

रूबीला सकाळी सहाला खांबाला बांधलं. भंडारा लावला, पिवळं कपाळ काळ्या अंगावर फार शोभतं. बंगल्यावर ती कधी साखळीला नव्हती, तिला नवल वाटत असावं. सारखी फेऱ्या मारते, कण्हते, तोंडातून लाळ गळते आहे. सकाळी सगळ्यांचा चहा चालला होता तेव्हा माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी म्हटलं, थोडं थांब बाई, आज तुझा मान आहे. आळीतली पोरं कुंपणावर बसून तिला हाका मारताहेत. तिलाही सणाचा उत्साह आला आहे.

माधवी मात्र ओसरीवर यायला तयार नाही. म्हटलं, अगं काजळ्या वेगळा, ही वेगळी. ती म्हणाली, "दादा, तिला येक भाकरी तरी टाक." मी म्हटलं, देवाआधी कशी टाकू?

२८ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितो आहे. उजव्याला पट्टी. रूबी चावली. स्वराजला काही झालं नाही. देवाची कृपा. दुसरं इंजेक्शन उद्या.

शालू म्हणाली, डाव्या हाताचं अक्षर बरं हाय की तुमचं.

४ डिसेंबर

पट्टी सैल केली. आज पेन धरता येतंय, म्हणून त्या दिवसाचं लिहून ठेवतो.

विक्की अडीचला आला. तळी उचलली. मग स्वराज पान घेऊन रूबीपुढे गेला. आठ तास ती उपाशी होती. समोर पान ठेवल्यावर तिनं मान खाली घातली, तेवढ्यात त्यानं ते उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. पोरं कुंपणावरून ओरडत होती. रूबीच्या घशातून आवाज आला, अगदी बारीक. मी तो आवाज पाच वर्षांत कधी ऐकला नव्हता. स्वराज थांबला, माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "अजून एकदा."

त्याच वेळी माधवी घरातून ओरडली, "दादा, नको." का कोण जाणे, माझा हात आपोआप त्या दोघांच्या मध्ये गेला. रूबीचे दात तळहातात बसले. ते स्वराजच्या गालासाठी निघाले होते, वीतभरही अंतर नव्हतं. माझा हात आहे हे तिला कळलं आणि तिनं सोडलं. मग जमिनीला पोट टेकून पडली, बसल्या जागी मुतली. पानाला तोंड लावलं नाही.

विक्की काठी घेऊन धावला. त्याला कोमलनं अडवलं. तिनं एका हातानं पोराला कडेवर घेतलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझा हात नळाखाली धरून साबणानं धुवत होती.

"तिला मारू नका. चूक तिची नाही."

दवाखान्यातून परत येताना रिक्षात तिला रडू आलं. रडतच बोलली. "अण्णा, महिनाभर मी जातीबद्दल वाचत बसले. डॉबरमन असा, डॉबरमन तसा. आपल्या घराबद्दल कुठं लिहिलेलं असतं?"

तिच्या ओढणीवर माझ्या रक्ताचा डाग पडला होता.

रविवारी तिनं निर्णय सांगितला. स्वराज महिनाभर सोमाटण्यालाच राहील, तिची आई सांभाळायला आली आहे. तोवर इथे काय काय बदलतं ते ती दर रविवारी येऊन बघणार. ओसरीला जाळीचं दार. रूबीचं खाणं सगळ्यांच्या आधी आणि वेगळ्या जागी. साखळी बंद. पोर आणि ती, दोघंच कधीही नाहीत, एक मिनिटही नाहीत. यातलं एक जरी मोडलं तर रूबी त्याच दिवशी गोरखकडे.

शालू म्हणाली, "सासू मी हाय का तू?"

"तुम्हीच आहात. म्हणून लक्ष तुम्ही ठेवायचं, आई. अण्णांवर माझा भरवसा नाही."

शालूला हे फार आवडलं. तेव्हापासून ती माझ्यावर पहारा करते आहे.

८ डिसेंबर

माधवी हात बघायला आली. चहा झाल्यावर मी म्हटलं, तू ओरडलीस म्हणून पोर वाचलं. तुला कसं कळलं?

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तू म्हणालास ना, अजून एकदा. तेच कानावर आलं. त्या दिवशीपण मी दोनदा उचललं आन् घाबरून थांबले, तवा तूच म्हणाला होतास, अजून येकदा उचल."

"मी?"

"तूच. काजळ्याची साखळी तुझ्याच हातात होती. मला वाटलं, तुला ठावं असंल."

मला खरंच आठवत नाही. भरीताचा वास आठवतो, आळीतली पोरं आठवतात, काजळ्याच्या कपाळावरचा भंडारासुद्धा. माझा आवाज आठवत नाही.

"आन् त्याला धनगराला न्हाई दिला, दादा. तू रडशील म्हणून आबा तसं म्हणले. आई मला नंतर बोलली. खिंडीत न्हेऊन सोडला. गुराखी सांगायचे, चार दिवस वाटंकडं तोंड करून तितंच बसला हुता."

ती गेल्यावर ओसरीवर बसून राहिलो. रूबी येऊन शेजारी बसली, पण हातभर अंतर ठेवून. माझ्या हाताच्या पट्टीचा वास लांबून घेत होती. त्या दिवसापासून ती अंगाला टेकलेली नाही.

२१ डिसेंबर, रविवार

जाळीचं दार बसलं. गोरखनं वेल्डिंगचा माणूस दिला. म्हणाला, "कुत्र्यासाठी दार? मला वाटलं सुनंनं तुलाच कोंडलं."

कोमल आली, दार चार वेळा उघडून लावून पाहिलं. स्वराज जाळीच्या ह्या बाजूला, रूबी त्या बाजूला. तो तिला सांगत होता, "तू चावली." रूबी छाटलेल्या शेपटीचं बुडखं हलवत होती. कोमल माझ्या शेजारी बसली आणि त्यांच्यावरून नजर काढली नाही, मीही काढली नाही.

४ जानेवारी, रविवार

तिघंही आले, कपड्यांच्या बॅगा, गॅसची शेगडी, स्वराजची तीनचाकी. या वर्षी डायरी आली नाही, जुनीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे.

कोमल म्हणाली, "अण्णा, मी अजून घाबरते." मी म्हटलं, मीही घाबरतो. ती म्हणाली, मग ठीक आहे.

सकाळी मी रूबीला परसात नेऊन भाकरी घातली. मग अंघोळ करून देवपूजेला बसलो. महिनाभर हाच क्रम आहे. पहिले काही दिवस देव्हाऱ्यासमोर मान वर होत नव्हती. आता होते. देव रागावलेला दिसला नाही.

६ जानेवारी

पहाटे रूबीला घेऊन खिंडीत गेलो. पंधरा-वीस वर्षांत तिकडे गेलो नव्हतो. वाट करवंदीनं भरली आहे, पण पायांना ओळखीची आहे. सोबत फडक्यात पानावर एक भाकरी आणि थोडं भरीत. शालूनं विचारलं, कुणाला? मी म्हटलं, आबा ठेवायचे तिथं ठेवतो, म्हसोबाला.

वर पोचलो तेव्हा ऊन यायला लागलं होतं. म्हसोबाचा दगड शोधला. ह्या अंगाला पाहिलं, त्या अंगाला पाहिलं. शेंदूर लावलेला दगड सोडा, टेकवून ठेवलेला एक धोंडासुद्धा नाही. एक गुराखी म्हातारा भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "हितं म्हसोबा? कवाच नव्हता. माझं सगळं आयुष्य ह्या खिंडीत गेलं."

मग मी तिथे बसलो. जिथून खाली गाव आणि आमच्या घराचं छप्पर दिसतं, तिथे एक सपाट जागा आहे. काजळ्या बसला असेल तो इथेच. आबा दरवर्षी इथपर्यंत येऊन जेवणाआधी पान ठेवायचे, तीस वर्षं. खाली जाऊन मग जेवायचे.

फडकं सोडून पान त्या जागी ठेवलं. हात जोडले, कोणाला ते स्वतःलाही नीट सांगता येणार नाही.

रूबीनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हलली नाही. त्या दिवसापासून ती कुठलंही पान असंच बघते, कोणी उचलेल म्हणून थांबते.

मी दोन्ही हात मागे घेतले आणि म्हटलं, खा.

तिला विश्वास बसायला वेळ लागला. मग खाल्लं. खाऊन झाल्यावर जवळ आली, पट्टी सुटलेल्या हाताचा वास घेतला, आणि माझ्या अंगाला टेकून बसली. आम्ही दोघं गावाकडे तोंड करून बराच वेळ बसलो होतो.